अंतराळनौकेची तांडेल

पर्सिस खंबाटा १८ ऑगस्ट १९९८ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्यानं गेली, तेव्हा तिला पन्नास पुरी व्हायला दीड महिना बाकी होता. बोर्ली पंचतनला त्या काळी पेपर एस्टीनं यायचा, आणि पावसाळ्यात वाटेत गाडी अडकली की दुसऱ्या दिवशी शिळा होऊन हातात पडायचा. अशाच शिळ्या पेपरात आतल्या पानावर मी ती बातमी वाचली. सोबत फोटो होता. फोटो कुठला असणार? तोच, डोक्यावर एकही केस नसलेला. सौंदर्यस्पर्धेचा मुकुट, लंडन, हॉलिवूड, ऑस्करचा मंच, एक देखणं पुस्तक, एवढं सगळं करून जगानं तिला लक्षात ठेवलं ते तिनं केस उतरवले म्हणून. पेपरची घडी घालताना मला एकदम आमची आत्याआजी आठवली. या दोघींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध एका रात्रीचा आहे, आणि तोही अर्धवट.

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सासरच्यांनी तिचे केस उतरवले आणि वर्षभरात तिला माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून ती आमच्याच घरात होती. लाल आलवण, कपाळ मोकळं, आणि दर पंधरा दिवसांनी मागच्या पडवीत येणारा न्हावी. मी जन्मले त्या सुमारास हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला होता, पण आत्याआजीनं स्वतःपुरता तो मोडला नाही. घरच्यांनी अनेकदा सांगून पाहिलं होतं म्हणे. आमच्या कोकणातल्याच मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, त्याला आता शंभर वर्षं होत आली, वगैरे माझे वडील बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि सुपाऱ्या सोलत बसायची.

आता पर्सिसकडे वळते.

तिचा जन्म २ ऑक्टोबर १९४८ चा, मुंबईतल्या मध्यमवर्गीय पारशी घरातला. ती दोन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. शाळकरी वयात एका छायाचित्रकारानं सहज काढलेले तिचे फोटो साबणाच्या जाहिरातीत वापरले गेले आणि हा चेहरा लोकांच्या नजरेत भरला. १९६५ साली ती 'फेमिना'ची मिस इंडिया झाली. त्याच वर्षी अमेरिकेत मायामीला झालेल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत ती भारतातर्फे उभी राहिली. मुकुट थायलंडच्या मुलीला मिळाला. पुढल्याच वर्षी गोवेकर कुटुंबातल्या रीटा फारियानं मिस वर्ल्ड जिंकून आणली. त्या काळी या स्पर्धांत दिसायच्या त्या बहुतेक पारशी, गोवेकर, अँग्लो-इंडियन मुली. दादर-गिरगावातल्या मराठी घरात अशा स्पर्धेचं नाव काढलं असतं तर काय झालं असतं, हे मी सांगायला नको.

मुकुट मिळाला, की पाठोपाठ चित्रपट येतो. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'बंबई रात की बाहों में' या चित्रपटातून पर्सिस पडद्यावर आली. भूमिका कॅबरेत गाणाऱ्या लिलीची. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. आपल्या हिंदी चित्रपटात नायिका राधा, सीता, गौरी असे. आणि जी सिगारेट ओढते, क्लबात नाचते, ती लिली, रोझी, मोना. गोऱ्या कातडीची, मोडक्या हिंदीची, शहरी वळणाची बाई म्हणजे परकी, आणि परकी म्हणजे सैल, असं गणित होतं ते. मुंबईत जन्मलेली, मुंबईत वाढलेली पर्सिस मुंबईच्याच चित्रपटात परकी ठरली. पुरुषांच्या वाट्यालाही हे कमी प्रमाणात का होईना यायचंच. आमच्या कोकणकिनाऱ्यावरचे बेने इस्राएली, ज्यांना गावोगावी शनवार तेली म्हणत, त्यांच्यातले डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावातच चौल असलेला हा मराठी माणूस गाजला तो 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा म्हणून.

आणि मुळात कुणी कुणाची भूमिका करावी, हा आपल्याकडे चित्रपटाच्या जन्मापासूनचा घोळ आहे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, म्हणून त्यांनी हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला, या दोघी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उभ्या राहिल्या खऱ्या, पण नाटकात बालगंधर्वांची स्त्रीरूपं पाहून तृप्त झालेल्या आपल्या लोकांना बाईची अशी काही वाण जाणवत नव्हती.

असो. पर्सिस मुंबईत रमली नाही. मॉडेलिंग करत ती लंडनला गेली, तिथून अमेरिकेला. १९७५ साली तिचे दोन इंग्रजी चित्रपट आले. 'कंडक्ट अनबिकमिंग' हा ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानातल्या पलटणीचा, आणि 'द विल्बी कॉन्स्पिरसी' हा दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचा. त्यात सिडनी पॉइटिए आणि मायकेल केन होते. म्हणजे मुंबईत जी फार विलायती ठरली, ती तिकडे जाताच हिंदी बाई झाली. माणूस तेच, नुसतं बंदर बदललं.

यानंतर आलं 'स्टार ट्रेक'. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९६६ साली अमेरिकेच्या टीव्हीवर ही मालिका सुरू झाली. तेविसाव्या शतकातली एक अंतराळनौका, तिच्यावर निरनिराळ्या देशांची आणि ग्रहांची माणसं. दळणवळण सांभाळणारी उहुरा ही कृष्णवर्णीय निचेल निकोल्स, सुकाणूवर जपानी वंशाचा जॉर्ज टाकेई. त्या काळच्या अमेरिकेत हे धाडसच होतं. पण धाडसालाही कुंपण होतं. मालिकेच्या पहिल्या नमुना-भागात नौकेची उपकप्तान एक बाई दाखवली होती. वाहिनीला ती पसंत पडली नाही, आणि तीच अभिनेत्री, मॅजेल बॅरेट, मालिकेत पुन्हा आली ती परिचारिका होऊन. उत्तर भारतातला शीख असावा असा खान नूनियन सिंग हा खलपुरुष १९६७ साली आला, तर ती भूमिका मेक्सिकोच्या रिकार्दो मोंताल्बान यांना मिळाली, तोंडाला सावळा रंग लावून. १९८२ च्या चित्रपटातही तेच. आणि २०१३ साली तोच खान बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्यापान इंग्रजानं केला. या वेळी सावळा रंग लावण्याचीही कुणाला गरज वाटली नाही.

हे दुखणं 'स्टार ट्रेक'पेक्षाही जुनं. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे मराठी मुलांच्या घरचा झालेला ज्यूल व्हर्न घ्या. त्याचा पाणबुडीवाला कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, सत्तावनच्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. 'गूढ बेटा'च्या कादंबरीत १८७५ सालीच व्हर्ननं हे स्पष्ट लिहून ठेवलं. १९५४ साली डिस्नेनं नेमोला पडद्यावर आणला तो जेम्स मेसन यांच्या रूपात, आणि ज्या इंग्रजांशी वैर, त्यांच्यातलाच एक नेमो झाला. नसीरुद्दीन शाहांना नेमो व्हायला २००३ साल उजाडावं लागलं. विज्ञानकथेतला हिंदी माणूस करायला हिंदी माणूस मिळत नाही, आणि हिंदी बाई मिळाली तर तिला काय करतात? परग्रहावरची.

पर्सिसचं तेच झालं. १९७७ साली 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका ठरली, तिच्यासाठी तिची निवड झाली. मग मालिका बारगळली आणि तिचा मोठा चित्रपट झाला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, म्हणजे 'साउंड ऑफ म्युझिक'चे. पर्सिसची भूमिका लेफ्टनंट इलियाची, नौकेला दिशा दाखवणाऱ्या अधिकाऱ्याची. ती डेल्टा नावाच्या ग्रहावरची, आणि तिथल्या बायकांना केस नसतात. टोपी घालून, रबर चढवून काम भागलं असतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण पर्सिसनं डोकं खरोखर भादरून घेतलं. जिचं सगळं भांडवल रूप, त्या बाईनं हे करावं याला छाती लागते. ७ डिसेंबर १९७९ ला चित्रपट लागला आणि १९८० च्या ऑस्कर समारंभात पुरस्कार द्यायला तिला मंचावर बोलावलं गेलं. तो मान मिळालेली ती पहिली भारतीय मानली जाते.

बोर्लीत हा चित्रपट आला १९८३ च्या गणपतीत. आला म्हणजे थिएटरात नव्हे, थिएटर कुठलं? मोहल्ल्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ कुवेतला होता. त्यानं व्हीसीआर आणि कॅसेटींची थप्पी आणली होती. मुंबईहून चाकरमानी आलेले, घर भरलेलं, म्हणून तो यंत्र घेऊन आमच्या ओटीवर आला. काकानं सांगितलं, ही आपल्या मुंबईची मुलगी, हिनं ऑस्कर गाजवलं. एवढ्यावर तीस-चाळीस माणसं बसली. संवाद इंग्रजी, खाली अरबी अक्षरं. इंग्रजी आम्हाला झेपत नव्हतं आणि अरबी माझ्या मैत्रिणीला वाचता येत होतं पण कळत नव्हतं. गंमतच सगळी.

चित्रपट संथ आहे. अंतराळनौकेभोवती कॅमेरा फिरतोय, फिरतोय, मुलं पेंगायला लागलेली. आणि दार उघडून पर्सिस आत आली. ओटीवर कुणीतरी फिसकन हसलं. त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की आत्याआजी माजघराच्या दारात चौकटीला धरून उभी आहे. हसू विरलं. काही क्षण कुणालाच पडद्याकडे पाहावं की दाराकडे, कळेना. आत्याआजीनं वाकून मला हळूच विचारलं, या पोरीचं कोण गेलं.

मी पंधरा वर्षांची होते. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, तिच्या गावी असंच असतं. मग तिनं विचारलं, ती तिथं काय करते. मला आमच्या किनाऱ्याचा एकच शब्द सुचला. म्हटलं, तांडेल आहे ती. खरं तर तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, आणि या नौकेचा कप्तान निराळाच होता. पण आत्याआजी उंबऱ्याच्या आत पाट घेऊन बसली. पुढं दीड-एक तास ती हलली नाही.

मोठेपणी मी हा चित्रपट नीट, कळेल अशा भाषेत पाहिला, तेव्हा चरकले. इलिया नौकेवर रुजू होताना कप्तानाला जे पहिल्यांदा सांगते, त्यात एक गोष्ट अशी की तिनं ब्रह्मचर्याची शपथ घेतली आहे आणि तशी नोंद तिच्या कागदपत्रांत आहे. का, तर तिच्या ग्रहाच्या बायकांची मोहिनी इतर पुरुषांना सोसवत नाही. टक्कल आणि ब्रह्मचर्य, दोन्ही एकत्र. आमच्याकडे बाईचे केस उतरवायचे, कारण तिच्या रूपानं पुरुष ढळेल. तेविसाव्या शतकात केस नसलेली बाई रूपवान ठरली, ही सुधारणाच म्हणायची; पण ढळायचं पुरुषांनी आणि व्रत पाळायचं तिनं, हा हिशेब तिथंही तसाच. कॅलिफोर्नियात बसलेल्या लेखकांना आलवणातल्या बायकांची कल्पना असण्याचं कारण नाही. म्हणूनच मला ते अधिक लागलं.

पुढं तर आणखी आहे. चित्रपटाच्या मध्यात एक प्रचंड यंत्रमेघ इलियाला गिळून टाकतो आणि तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी एक यंत्रबाहुली नौकेवर पाठवतो. आखूड पांढरा झगा, गळ्याशी लुकलुकणारा दिवा, चेहऱ्यावर भाव नाहीत. तोवरची अधिकारी बाई संपली आणि उरलं तिचं शरीर, दुसऱ्याचा निरोप सांगणारं. माझी भाची मुंबईत शिकते. गेल्या दिवाळीत तिनं बोर्लीच्या घरी माझ्याबरोबर हा चित्रपट पाहिला आणि ती तावातावानं भांडली. तिचं म्हणणं, भारतीय बाईला भारतीय म्हणून घेतलंच नाही, केस काढून परग्रहवासी केलं, आणि मग तेवढंही माणूसपण काढून घेतलं. पुढारलेपणाची ही निव्वळ सजावट. मी म्हटलं, बरोबर आहे, पण त्या बाहुलीच्या वाट्याला आलेल्या भागातच पर्सिसनं खरा अभिनय केलाय. यंत्राच्या आत कुठंतरी इलियाची आठवण शिल्लक आहे, ती मधूनच डोळ्यांत येते आणि विझते. अमेरिकेतल्या सॅटर्न पुरस्कारासाठी उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तिला नामांकन मिळालं, ते काही टकलाला नव्हे. भाचीला हे पटलं नाही. तिच्या मते चांगली नटी असणं हा वाईट भूमिकेचा बचाव होऊ शकत नाही. खरं सांगायचं तर मला यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

भाचीच्या बाजूनं बोलायचं, तर पर्सिसचं पुढचं आयुष्य पुरावा म्हणून हजर आहे. एवढ्या यशानंतर दारं उघडायला हवी होती. १९८१ च्या 'नाइटहॉक्स'मध्ये तिला दहशतवादी बाई केलं, १९८२ च्या 'मेगाफोर्स'मध्ये सैन्यातली मेजर. जेम्स बाँडच्या 'ऑक्टोपसी'चं बरंचसं चित्रण उदयपूरला व्हायचं होतं, नायिकेसाठी पर्सिसच्या नावाचा विचारही झाला, आणि भूमिका मिळाली स्वीडनच्या मॉड ॲडम्स यांना. उदयपूरचे महाल चालले, मुंबईची नायिका चालली नाही.

त्यातच १९८० साली जर्मनीत मोटारीचा भीषण अपघात झाला, डोक्यावर मोठा व्रण राहिला. १९८३ साली हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. म्हणजे आमच्या ओटीवर आम्ही तिला पाहत होतो, ते वर्ष तिच्यासाठी शस्त्रक्रियेचं होतं. वय पस्तिशीच्या आतलं. १९८५ साली ती मुंबईला येऊन 'शिंगोरा' या हिंदी मालिकेत काम करून गेली. अमेरिकेत टीव्हीवर लहानसहान कामं चालू होती. १९९३ साली सुपरमॅनवरच्या मालिकेच्या पहिल्या भागात ती दिसली आणि पडद्यावरचं तिचं काम तिथंच थांबलं.

पण १९९७ साली तिनं एक काम केलं, ज्याचा मला तिच्या सगळ्या चित्रपटांपेक्षा जास्त आदर वाटतो. 'प्राइड ऑफ इंडिया' हे भारतातल्या सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या मुलींवरचं पुस्तक तिनं सिद्ध केलं आणि मदर तेरेसांना अर्पण केलं. त्याच्या मानधनाचा वाटा तिनं त्यांच्या संस्थेला दिला. ऐश्वर्या राय आणि सुष्मिता सेन यांच्या विजयानंतर देशात या मुकुटांचं पीक आलं होतं. पण त्यांच्या आधीच्या मुलींची नावं कुणाला आठवत नव्हती. जिला कुणी कधी धड आपलं म्हटलं नाही, तिनं त्यांची नावं गोळा केली. वर्षभरानं ती गेली.

आत्याआजी १९८६ साली गेली, ब्याऐंशी वर्षांची होऊन. त्या रात्रीनंतर तिनं न्हाव्याला परत पाठवलं वगैरे काही झालं नाही. तो शेवटपर्यंत दर पंधरवड्याला येत राहिला. एवढंच झालं, की तो मागच्या पडवीत बसला की ती कधी कधी मला हाक मारायची आणि, तो ऐकत असताना, त्या तांडेल पोरीची गोष्ट पुन्हा सांगायला लावायची. न्हावी तोंड उघडं टाकून ऐकायचा.

गोष्टीचा शेवट मात्र मला ठाऊक नव्हता. १९८३ च्या त्या रात्री चित्रपट संपायला थोडासाच अवकाश असताना दिवे गेले आणि ते पहाटेपर्यंत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या भावाची कॅसेट भलत्याच गावी गेली. मग आत्याआजीनं विचारलं, की त्या पोरीचं पुढं काय झालं, तर मी ठोकून द्यायची की ती सुखरूप आपल्या गावी परतली. शेवट मी पाहिला तो बऱ्याच वर्षांनी. इलिया परतत नाही. तिचा जुना सखा त्या यंत्राशी एकरूप होतो आणि दोघं प्रकाशात विरून जातात. मग नौकेवर नोंद करायची वेळ येते. कप्तान आधी दोघांना मृतांत धरतो, जरा थांबतो, आणि बेपत्ता म्हणून लिहायला सांगतो.